प्रोसेसरला धक्का न लावता रॅम ३२०० वरून ३६०० वर

बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या, मदरबोर्डाच्या सेटिंगच्या पडद्याच्या) पहिल्याच पानावर बऱ्याच मदरबोर्डांत एक आकर्षक बटण असतं: दाबा आणि वेग मिळवा. ते दाबलं की रॅमबरोबर प्रोसेसरचा क्लॉकही वाढतो, त्याचं व्होल्टेजही चढतं, पंखा किंचाळायला लागतो आणि दोन दिवसांनी मशीन हँग झालं की दोष रॅमचा की प्रोसेसरचा हे कळायला मार्ग उरत नाही. त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका. रॅम एकटी वाढवता येते आणि ती एकटीच वाढवावी.

इथे उदाहरणाला घेतलेलं मशीन आपल्याकडे घरोघरी दिसणारं आहे: रायझन ५ ५६००, बी४५० किंवा बी५५० बोर्ड आणि डीडीआर४-३२०० सीएल१६ ची ८-८ जीबीची जोडी (३२०० हा रॅमचा वेग, सीएल१६ म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणारे १६ ठोके). लक्ष्य ३६००. त्यापुढे या मशीनमध्ये जाऊ नये असं आमचं मत आहे, कारण पुढे समजेलच.

प्रोसेसरचा कोणता भाग यात ओढला जातो

जुन्या काळी, फ्रंट साइड बसच्या जमान्यात, रॅम वाढवायची तर बस वाढवावी लागे आणि बस वाढली की प्रोसेसरही आपोआप वर जाई. आता रॅमचा गुणक वेगळा आहे. बेस क्लॉक (सगळ्या वेगांचा पाया असलेला मूळ ठोका) १०० मेगाहर्ट्झवर तसाच ठेवून रॅम हवी तिथे नेता येते, कोअरना त्याचा पत्ताही लागत नाही.

पण प्रोसेसर पूर्ण नामानिराळा राहतो असं मात्र नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच आहे. रायझन ५ ५६०० मध्ये तो कोअरपासून वेगळ्या, आय-ओच्या चिपवर बसतो आणि दोघांना जोडणाऱ्या रस्त्याचं नाव इन्फिनिटी फॅब्रिक. इथे तीन क्लॉक एकमेकांच्या पायात पाय बांधून धावतात: रॅमचा एमसीएलके, कंट्रोलरचा यूसीएलके आणि फॅब्रिकचा एफसीएलके. तिघं समान असले की लेटन्सी, म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ, सर्वांत कमी. ३६०० चा खरा क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ असतो, कारण डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. १८०० चा फॅब्रिक जवळपास प्रत्येक ५६०० झेपवतो. १९०० काहींना जमतो, २००० फार थोड्यांना. फॅब्रिक मागे पडला की बोर्ड कंट्रोलरला अर्ध्या वेगावर टाकतो, मग ४००० लिहिलेली रॅम ३६०० पेक्षा मंद वाटते. म्हणून ३६००.

कंट्रोलर आणि फॅब्रिकला वीज पुरवणारं व्होल्टेज म्हणजे व्हीसॉक. या सगळ्या कामात प्रोसेसरला लागणारं हात घालण्याजोगं मुख्य व्होल्टेज हेच. ५६०० ला बोर्डाकडून मिळणारा एकूण विजेचा कोटा ७६ वॅटचा असतो आणि व्हीसॉकवर खर्च होणारी वीज त्याच कोट्यातून जाते. व्हीसॉक विनाकारण वाढवलं की कोअरच्या वाट्याचे वॅट कमी होतात आणि सगळे कोअर कामाला लागल्यावर बूस्ट (कोअर आपणहून गाठतात तो वाढीव वेग) थोडा खाली येतो. म्हणजे रॅम वाढवून प्रोसेसर मंद करण्याचा पराक्रम सहज घडू शकतो.

हात घालण्याआधी

महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. हे उपचारापुरतं सांगत नाही. अस्थिर रॅम गप्प राहून फाइली बिघडवते; फोटो उघडतो पण खालचा अर्धा भाग राखाडी दिसतो, झिप फाइल सुटत नाही, विंडोजचा अपडेट उगाच अडकतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, बायोस पुसल्यावर विंडोज ती मागू शकतं.

बायोस ताजा करा. २०२१ मध्ये या बोर्डांवर यूएसबी मधूनच तुटण्याची तक्रार गाजली होती, तिच्यावरचा उपाय अजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.२ पासून आला. त्याआधीचा बायोस असेल तर पुढे दिसणाऱ्या लक्षणांचा अर्थच लागणार नाही. अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय हे करू नका.

स्टिक कुठे बसल्यात ते झाकण उघडून बघा. चार खाचांच्या बोर्डात दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. असेंबल करणाऱ्यानं पहिल्या-दुसऱ्यात खुपसलेल्या पुष्कळदा सापडतात. तशाने एकच चॅनल चालतो आणि त्यापुढे कितीही ओव्हरक्लॉक केलं (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवलं) तरी नुकसान भरून निघत नाही. चारही खाचा भरलेल्या असतील तर अपेक्षा खाली आणा. एएमडीची स्वतःची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिकना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६७ अशी उतरत जाते.

सीमॉस (बायोसच्या सेटिंग जिथे साठतात ती जागा) पुसायची पद्धत आधीच माहीत करून घ्या: बोर्डाच्या पुस्तिकेत दोन पिनांची जागा दिलेली असते. ती सापडली नाही तर मेन स्विच बंद करून, पॉवर बटण दहा सेकंद दाबून, सीआर२०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. काळ्या पडद्यासमोर बसून मोबाइलवर पुस्तिका शोधण्याची वेळ येऊ नये.

साधनं सगळी फुकटची पुरतात: क्लॉक, टायमिंग आणि व्होल्टेज बघायला सीपीयू-झेड, झेनटायमिंग्ज, एचडब्ल्यूइन्फो; रॅमच्या चुका शोधायला टेस्टमेम५ आणि पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६. शिवाय प्रोसेसरचा वेग मोजणारा सिनेबेंच. सिनेबेंचवर रॅमचा परिणाम नगण्य असतो आणि म्हणूनच तो इथे कामाचा. आता, काहीही न बदलता, दहा मिनिटांची फेरी चालवा. गुण, सगळ्या कोअरचा सरासरी क्लॉक आणि कमाल तापमान लिहून ठेवा. शेवटी हेच आकडे परत यायला हवेत.

प्रोसेसर खुंटीला बांधा

बायोसमध्ये जाऊन हे पक्कं करा. बेस क्लॉक हातानं १०० लिहा, ऑटोवर काही बोर्ड त्यात थोडी गडबड करतात. कोअर रेशो ऑटो, कोअर व्होल्टेज ऑटो. कोअर परफॉर्मन्स बूस्ट ऑटोवरच राहू द्या, तो बंद केला तर प्रोसेसर मूळ ३.५ गिगाहर्ट्झवर अडकेल. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरची विजेची मर्यादा उठवून वेग वाढवणारा पर्याय) मात्र ऑटो नको, स्पष्ट डिसेबल करा. हा पर्याय कित्येक बायोसमध्ये दोन वेगवेगळ्या पानांवर असतो, दोन्हीकडे बघा.

आधी प्रोफाइल

पुष्कळांची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वरच चालत असते, कारण प्रोफाइल (रॅम बनवणाऱ्यानं स्टिकमध्येच भरून दिलेली वेगाची सेटिंग) कुणी चालूच केलेलं नसतं. आसुसच्या बायोसमध्ये त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयमध्ये ए-एक्सएमपी, गिगाबाइटमध्ये एक्सएमपी. ते चालू करून ३२०० वर बूट करा. फरकाचा मोठा हिस्सा इथेच मिळतो: दोन चॅनलची कमाल बँडविड्थ २१३३ ला सेकंदाला साधारण ३४ जीबी, ३२०० ला ५१.२ आणि ३६०० ला ५७.६. पहिली उडी मोठी, दुसरी लहान.

सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं म्हणून दचकू नका, तो खरा क्लॉक दाखवतो. आता एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीसॉक बघा, ‘एसव्हीआय२ टीएफएन’ असं लिहिलेली ओळ. काही बोर्ड प्रोफाइल चालू करताच ते १.२ व्होल्टपर्यंत नेऊन ठेवतात. गरज नसते. दिसलं तर पुढच्या पायरीत हातानं खाली आणायचं आहे.

प्रोफाइलवरच टेस्टमेम५ ची एक पूर्ण फेरी करून घ्या. ३२०० वरच चूक सापडली तर ओव्हरक्लॉकिंग विसरा. स्टिक खराब आहे किंवा नीट बसलेली नाही.

३६०० ची उडी

बहुतेक अपयशं इथे होतात आणि कारण एकच: वेग वाढवला, पण टायमिंग ३२०० चंच राहिलं. टायमिंगचे आकडे वेळ सांगत नाहीत, ठोके सांगतात. ३२०० ला एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणजे सीएल१६ चे १० नॅनोसेकंद. ३६०० ला ठोका आखूड होतो. तोच १० नॅनोसेकंदांचा वेळ द्यायचा तर १८ ठोके लागतात. चिपच्या आतली विजेची धावपळ घड्याळ बघून होत नाही, तिला लागतो तेवढा वेळ लागतोच.

हिशेब सोपा आहे. ३६०० म्हणजे ३२०० अधिक त्याचा आठवा भाग. तेव्हा प्रत्येक टायमिंगमध्ये त्याचाच आठवा भाग मिळवा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या. १६-१८-१८-३८ (क्रमानं सीएल, टीआरसीडी, टीआरपी आणि टीआरएएस) ची जोडी घेऊ. १६ मध्ये २ मिळवून १८. १८ मध्ये २.२५ मिळवून २०.२५, म्हणजे २१. ३८ मध्ये ४.७५ मिळवून ४२.७५, म्हणजे ४३. टीआरसी ही टीआरपी आणि टीआरएएसची बेरीज, २१ आणि ४३ मिळून ६४. टीआरएफसी (रॅमच्या पेशी ताज्या करायचे ठोके) ३२०० ला ५६० असेल तर त्यात ७० मिळवून ६३०.

बायोसमध्ये आता असं भरा:

मेमरी फ्रीक्वेन्सी ३६००, एफसीएलके १८००. ‘यूसीएलके डिव्ह१’ नावाचा पर्याय असेल तर यूसीएलके आणि एमईएमसीएलके (म्हणजे वरचा एमसीएलके) समान.
टायमिंग १८-२१-२१-४३, टीआरसी ६४, टीआरएफसी ६३०. बाकी सगळी ऑटो.
गिअर डाऊन मोड चालू, कमांड रेट १टी.
रॅमचं व्होल्टेज १.३६.
व्हीसॉक १.०८. व्हीडीडीजी आयओडी १.००, व्हीडीडीजी सीसीडी ०.९५, व्हीडीडीपी ०.९०.

व्हीडीडीजी हे फॅब्रिकचं व्होल्टेज (आयओडी म्हणजे आय-ओची चिप, सीसीडी म्हणजे कोअरची) व्हीसॉकमधूनच उतरवून घेतलेलं असतं, म्हणून ते व्हीसॉकपेक्षा निदान ०.०४ ने कमी हवं. दोन्ही जवळजवळ समान ठेवलीत तर वरचा आकडा नुसता कागदावर राहतो. गिअर डाऊन चालू असताना सीएल विषम भरू नका, १७ लिहिलं तरी १८ च लागू होतं.

सेव्ह करून बाहेर पडा आणि हात मागे घ्या. पडदा काळा राहील, पंखे दोन-तीनदा चालू-बंद होतील. बोर्ड रॅमशी जुळवून घेतोय. या वेळी घाबरून पॉवर बटण दाबणारे बरेच असतात. दोन मिनिटं थांबा. जमलं नाही तर बहुतेक बोर्ड स्वतःच मूळ सेटिंगवर परत येतात, नाही आले तर सीमॉस पुसा.

विंडोज उघडल्यावर झेनटायमिंग्जमध्ये तीनही क्लॉक १८०० दिसले पाहिजेत. यूसीएलके ९०० दिसला तर कंट्रोलर अर्ध्यावर पडलाय.

व्होल्टेज कुठवर

डीडीआर४ ची मूळ पातळी १.२ व्होल्ट, प्रोफाइलमध्ये बहुधा १.३५. रोजच्या वापराला, चिप कोणाची हे माहीत नसताना, १.४० च्या वर जाऊ नका. चांगल्या हवेशीर केसमध्ये सॅमसंगच्या बी-डाय जातीच्या चिपला त्याहून जास्त चालतं. पण सॅमसंगच्याच सी-डायला १.३५ च्या वर दिलं तर उलट चुका वाढतात. जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त स्थिर, हा समज तिथे साफ खोटा ठरतो. चिप कोणाची हे कॉर्सेअरच्या स्टिकवर चिकटीवरच्या ‘व्हर्जन’च्या पहिल्या आकड्यावरून कळतं: ३ म्हणजे मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या खेपेत वेगळी चिप असू शकते, म्हणून आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरी स्टिक घेऊन केलेली जोडी ३६०० ला त्रास देते.

व्हीसॉक १.१० च्या वर नेण्याची वेळ ३६०० ला सहसा येत नाही. १.१५ ला थांबा, त्यानंही जमत नसेल तर अडचण दुसरीकडे आहे.

तपासणी, आणि ती थंड डोक्यानं

रॅम तपासायला प्रोसेसर तापवणाऱ्या चाचण्या लावायची सवय आहे, पण त्यातून कळतं काय? मशीन पडलं तर कूलर कमी पडला की रॅम, सांगता येत नाही. आधी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, रात्री लावून झोपा. याचा फायदा असा की विंडोज चालू नसल्यामुळे रॅम चुकली तरी डिस्कवर काही बिघडत नाही. त्यानंतर टेस्टमेम५, ‘एक्स्ट्रीम’ कॉन्फिगरेशनवर, तीन फेऱ्या. १६ जीबीला साधारण दीड-दोन तास धरा.

एकही चूक चालत नाही. ‘एवढ्या तासांत एकच तर आली’ हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्याचं विंडोज महिन्याभरात परत टाकावं लागतं.

टेस्ट संपल्यावर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये ‘व्हीया-लॉगर’ (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. आयडी १९ च्या पिवळ्या नोंदी दिसल्या तर रॅम निर्दोष असली तरी फॅब्रिक अडखळतोय, चुका स्वतः दुरुस्त करत पुढे जातोय. मशीन चालतं, पण वेग गळत राहतो.

मग सिनेबेंचची दहा मिनिटं परत. गुण आधीच्या एक-दोन टक्क्यांच्या आत यायला हवेत. त्याहून खाली आले आणि कोअरचा क्लॉकही घसरलेला दिसला, तर व्हीसॉक ०.०२ च्या टप्प्यानं खाली आणत जा आणि प्रत्येक टप्प्यावर परत तपासा. १.०४ ला सगळं स्थिर असेल तर १.०८ द्यायचं काहीच कारण नाही.

लक्षणांवरून दुखणं

पडदाच येत नाही, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटून राहतो: टीआरसीडी-टीआरपी २२ करा, मग १.३८ व्होल्ट. तरी नाही तर प्रोसेसर ओडीटी (रॅमकडून येणाऱ्या तारांच्या टोकाचा प्रोसेसरमधला रोध) ऑटोवरून काढून ४० ते ५३ ओहमच्या दरम्यानचे पर्याय एकेक करून बघा.

टेस्टमेम५ सुरू होताच, पहिल्या मिनिटातच चुकांची रांग: मुख्य टायमिंग आवळून बसलंय किंवा रॅमला व्होल्टेज कमी.

चाळीसेक मिनिटं सगळं ठीक आणि मग एखादीच चूक: हे जवळजवळ नेहमी तापमान. स्टिकवर वारा पोचतो का बघा, टीआरएफसी थोडं वाढवा.

टेस्ट साफ, पण माउस-कीबोर्ड क्षणभर तुटतो, हेडफोनमध्ये कडकड ऐकू येते: फॅब्रिक. व्हीडीडीजी आयओडी १.०२ पर्यंत नेऊन बघा, नाहीतर एफसीएलके १७६६ आणि रॅम ३५३३ वर आणा. मेगाहर्ट्झचा एवढा फरक कोणत्याही गेममध्ये जाणवत नाही.

टेस्ट रात्रभर साफ आणि सकाळी थंड मशीन सुरूच होत नाही: बोर्ड दर वेळी नव्यानं जुळवणी करतो आणि ती काठावर आहे. व्हीसॉकशी खेळू नका, रॅमचं व्होल्टेज ०.०१ ने वाढवा.

हवं असेल तर टायमिंग आवळणं

३६०० स्थिर झाल्यावर इथे थांबलात तरी काही बिघडत नाही. पुढे जायचं तर एका वेळी एकच गोष्ट. १.३८ व्होल्टवर सीएल १६ करा; जमलं तर १० नॅनोसेकंदांचे ८.९ होतात. मग टीआरसीडी २० बघा. हा आकडा हट्टी असतो, चिपच्या जातीवर अवलंबून, व्होल्टेजला फारसा भीक घालत नाही. तो नाही म्हणाला तर नाद सोडा.

खरा फायदा दुय्यम टायमिंगमध्ये दडलेला आहे, कारण ती ऑटोवर बोर्ड फार सैल ठेवतो. टीआरआरडीएस ६, टीआरआरडीएल ८, टीएफएडब्ल्यू २४ पासून सुरू करून ४, ६, १६ पर्यंत या. टीएफएडब्ल्यू हे टीआरआरडीएसच्या चौपटीखाली नेण्यात अर्थ नाही. टीआरएफसी ६३० वरून २०-२० ने उतरवत ५४० च्या आसपास, म्हणजे ३०० नॅनोसेकंदांवर थांबा. हा आकडा म्हणजे रॅमला आपल्या पेशी ताज्या करायला दिलेला वेळ. तो कमी पडला की मशीन लगेच पडत नाही, डेटा हळूच कुजतो. प्रत्येक उतरणीनंतर पूर्ण तपासणी, इथे शॉर्टकट नाही.

मशीन वेगळं असेल तर

५६००जी सारखा, ग्राफिक्स पोटात असलेला प्रोसेसर असेल तर ही मेहनत सगळ्यांत जास्त फळते, कारण ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं. ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबीचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे. तिथे ३२०० वरून ३६०० ला गेल्यावर फारसं काही हाती लागत नाही. ए५२० बोर्डावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, पण रॅम होते, म्हणजे या लेखाच्या दृष्टीनं तो चांगलाच. इंटेलच्या बाजूला एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही. बी६६० वर होते, पण ‘के’ नसलेल्या बाराव्या-तेराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये सिस्टिम एजंटचं, म्हणजे मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं, व्होल्टेज कुलूपबंद असल्यामुळे डीडीआर४ गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगानं चालतो तेव्हा) किती चढेल ते नशिबावर. शिवाय इंटेलच्या काही बोर्डांवर एक्सएमपी चालू करताना विजेची मर्यादा उठवायची का असं विचारतात. तिथे नाही म्हणा.

एएम५ (एएमडीचा यानंतरचा सॉकेट) आणि डीडीआर५ ला वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. तिथे व्हीसॉकच्या चढ्या पातळीनं २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळले आणि त्यानंतरच्या बायोसमध्ये एएमडीनं १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

वॉरंटीचं एक लक्षात असू द्या: अधिकृत ३२०० च्या पलीकडची रॅम एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, मग ती स्टिकच्या खोक्यावर ३६०० छापलेली का असेना.

जानेवारीत पास, मे महिन्यात नापास

नागपूर-अकोल्याकडे थंडीत केलेली सेटिंग उन्हाळ्यात हमखास तपासून घ्यावी लागते. खोलीचं तापमान २२ वरून ३८ ला गेलं की स्टिकही तेवढीच वर सरकते आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट तिच्यावर येते. आवळलेलं टीआरएफसी आधी तिथे दगा देतं. तपासताना ग्राफिक्स कार्डावरही भार टाका, कारण नुसत्या टेस्टमेम५ मध्ये कार्ड थंडच असतं आणि खरी परिस्थिती दिसत नाही. स्वस्त स्टिकमध्ये सेन्सर नसतो, एचडब्ल्यूइन्फोमध्ये रॅमचं तापमान दिसलं नाही तर बिघाड समजू नका. केसच्या पुढच्या जाळीची धूळ काढा, वरच्या बाजूला स्टिकच्या रोखानं १२० मिलिमीटरचा एक पंखा लावा. तेवढ्यानं भागलं नाही तर टीआरएफसी ६०० वर आणून ठेवा.

सगळं जमलं की बायोसमधल्या प्रोफाइलच्या खणात ते साठवा आणि झेनटायमिंग्जचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये घ्या. पुढचा बायोस अपडेट तो खण बहुधा रिकामा करतो आणि जुनी साठवलेली फाइल नव्या बायोसला कित्येकदा वाचताही येत नाही.